बिटवारी मास्तर आणि मागची बाकं

"आधी गप्प बसा, मग गा."

झबुलोनी बिटवारी हे वाक्य इतक्या वेळा बोलला, की आमच्या न्याकिशोरोच्या टेकडीवरची पोरं हंबरणाऱ्या गुरांनाही तेच ऐकवायची. तालमीला बसलं की पहिलं हेच. कुणी खोकलं की हेच. एकदा एका बाईचं घर पावसात खचलं, ती रडत सांगायला आली, तर तिलाही त्याने आधी गप्प बसवलं. पुढे गायला मात्र सांगितलं नाही, एवढीच काय ती दया.

मी त्याच्या गायनवर्गात खर्जाच्या रांगेत उभा राहून म्हातारा झालो. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एकच आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याची अडचण नको. त्याला गाणं येत होतं.

रविवारी सकाळी दलदलीतल्या लव्हाळ्यांवरून धुकं उठायचं आणि हळूहळू टेकडी चढायचं. चर्चचा ढोल वाजायचा. लोक आपापल्या टेकड्या उतरून आमची टेकडी चढू लागायचे, कुणी कोंबडी काखेत धरून, कुणी उसाचं कांडं खांद्यावर टाकून, सगळं देवाला. आणि त्या धुक्यात आमचे चार आवाज एकमेकांत विरघळून बाहेर पडायचे, तेव्हा चढणीवरचे म्हातारे काठी रोवून थांबायचे. दम लागला म्हणून थांबलो असं सांगायचे, पण ते ऐकायला थांबलेले असायचे. ज्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं अशा माणसांना या बिटवारीने फळ्यावर डो-रे-मी लिहून चार आवाजांत गायला शिकवलं होतं. बस्स. चांगलं संपलं.

बाकी माणूस उंच, वाळका, मान पुढे काढून चालणारा. पाण्यात उभा करकोचा बेडकाकडे पाहतो तसा तो आमच्याकडे पाहायचा. खिशात सूर देणारा लोखंडी काटा. दुसरे लोक तो काटा लाकडावर आपटतात, हा आपल्या पुढच्या दातावर आपटायचा. दाताचा कोपरा त्यातच उडाला होता. शाळेतल्या नोकरीत त्याने आमच्या निम्म्या गावाला छडीने मारलं. निवृत्त झाल्यावर बटाटे लावले. त्याच्या बांधावर शेळी चढली तर शेळीला एक शब्द आणि शेळीच्या मालकाला शंभर.

गायनवर्गाचे मरून रंगाचे झगे त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत असायचे. शनिवारी त्याची बायको फेरेसी ते कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची. फेरेसी आमच्या मातृसंघाची अध्यक्ष. चर्च झाडणं, वेदीवर फुलं मांडणं, आजाऱ्यांच्या घरी जाणं, सगळं तिच्या देखरेखीत. बोलायची फार कमी. ज्या घरात एकच माणूस सारखं बोलतो, त्या घरात दुसऱ्याला ते काम उरत नाही.

आता बाकांचं सांगतो. वेदीच्या दोन्ही अंगांना गायनवर्ग. समोर मधल्या बाकांवर चर्चमध्ये लग्न लागलेली माणसं. आणि अगदी मागे, दाराजवळ, ज्यांचं लग्न वेदीपुढे लागलेलं नाही ती. प्रभुभोजनाची वेळ आली की पुढचे उठायचे, मागचे बसून राहायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लहान पोरालाही माहीत होतं.

जुलैना मात्र वर्षानुवर्षं गायनवर्गात उभी राहायची. चर्चमधलं लग्न न लागताच ती रुतारोबरोबर राहत होती. रुतारो ट्रकवाला, आणि त्याची वेदीपुढे लग्न लागलेली बायको लांब म्बारारा शहरात. आमच्याकडे माणूस वेदीपुढे एकदाच उभा राहतो. म्हणजे जुलैनाचं लग्न लागणार नव्हतं, आज नाही, उद्याही नाही. सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. पण तिचा आवाज असा, की झऱ्याचं गार पाणी रिकाम्या मडक्यात पडावं. तो आवाज बिटवारीनेच ती परकरात होती तेव्हापासून घडवला होता. त्यामुळे त्यालाही काही दिसत नव्हतं.

एका रविवारी मोठे पाहुणे पाळक आले. उपासना संपल्यावर त्यांनी बिटवारीचा हात हातात घेतला, डोळे मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे. म्हणाले, "मास्तर, ती बाई म्हणजेच तुमचा गायनवर्ग हो!"

पुढच्याच रविवारी झगे चढवायच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याने तिला अडवलं.

"झगा काढ."

"मास्तर, ढोल वाजला. रांग लागलीय."

"तुझी रांग मागे आहे. जिचं स्वतःचं लग्न लागलं नाही, तिने वेदीजवळ उभं राहून गाऊ नये."

जुलैनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हा नियम तुम्हाला आज आठवला होय?"

"मला रोज आठवतो. तुला आज सांगतोय."

तिने झगा काढला. त्याचा हात पुढे आलेलाच होता. खुंटीला अडकवावा तसा तिने तो त्याच्या हातावर अडकवला आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

नियम त्याच्या बाजूने होता, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. बोलली ती तीच, पण गाण्यातून. पहिलं गीत सुरू झालं आणि मागून तिचा आवाज आला. मधली सगळी मंडळी आमच्या आणि तिच्या मध्ये. समोरून आमचे चार आवाज, मानेमागून तिचा एक. मंडळी तिच्यामागे गेली. बिटवारीने पुढचं गीत वरच्या सुरात घेतलं, ती वर गेली. त्याने आणखी वर घेतलं. आम्हा खर्जवाल्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, ती आरामात तिथे पोचली आणि आमची वाट पाहत थांबली.

असं कित्येक रविवार चाललं. बाजारात लोक विचारायचे, "आज कोण जिंकलं?" चर्चचा कारभारी टिंडी, जिभेला धार असलेला माणूस, तो एकदा भर आवारात म्हणाला, "मास्तर, डोकं पुढे आणि तोंड मागे असा प्राणी देवाने केला नव्हता. तुम्ही केलात!"

बिटवारी हसला नाही. घरी गेला आणि त्याने चालींचं जुनं जाड पुस्तक काढलं.

गीतांच्या ओळी मापात बांधलेल्या असतात. एका मापाच्या गीताला त्याच मापाची दुसरी कुठलीही चाल चपखल बसते. शब्द तेच, चाल नवी. गायला येणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. पण आमच्या मंडळीच्या आज्यापणज्यांपासून एका गीताला एकच चाल. बिटवारीने एकेक करत सगळ्या गीतांच्या चाली बदलायला घेतल्या. तालमीची दारं बंद. बाहेर गुणगुणणाऱ्याचा झगा परत घ्यायचा. रविवारी आम्ही ओळखीचे शब्द अनोळखी चालीत गायचो, आणि जुलैनाला पहिल्या ओळीतच थांबावं लागायचं. तिच्याबरोबर सगळं चर्च थांबायचं.

मंडळी मुकी झाली. म्हातारी माणसं पुस्तक मिटून मांडीवर ठेवायची. पोरं खाली बाजारातल्या पत्र्याच्या नव्या चर्चमध्ये जाऊ लागली. तिथे गिटार होती आणि कुणी कुणाला गप्प बसवत नव्हतं. आम्ही सुंदर गात होतो, हे खरं. पण रिकाम्या घरात कंदील लावल्यासारखं ते गाणं.

आमचे पाळक, रेव्हरंड न्गाबिरानो, वयाने लहान पण मनाचे घट्ट. त्यांनी एका रविवारी बिटवारीला निलगिरीखाली गाठलं. आम्ही चारजण ढोल झाकत होतो. सगळं ऐकू आलं.

"मास्तर, आजही मंडळी गायली नाही."

"मंडळीने गप्प बसावं हेच मी आयुष्यभर मागत आलो, पाळकसाहेब."

"हे चर्च आहे, तुमची स्पर्धा नाही. बिशप दृढीकरणाला येतायत. त्यांच्यापुढे माझी मंडळी मुकी उभी राहिली, तर गायनवर्ग तुमच्याकडून काढून घेईन. समितीला सांगून झालंय, आता तुम्हाला सांगतो."

"आणि देणार कुणाला? त्या गिटारवाल्याला?"

"शेळीला देईन. ती निदान कळपाबरोबर ओरडते."

बिटवारीचा चेहरा राखेसारखा झाला. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. शाळा सुटलेली. एकुलता एक मुलगा एनोका तापाने गेलेला. रविवारची ती वेदीजवळची जागा गेली, तर उरणार होते फक्त बटाटे.

"मिरवणुकीला पाण्यापलीकडच्या घराचं गीत घ्या," पाळक जाता जाता म्हणाले. "ते झोपेतही येतं सगळ्यांना."

"घेतो," बिटवारी म्हणाला.

पाण्यापलीकडच्या घराचं गीत म्हणजे आमच्याकडचं मयताचं गीत. दलदल ओलांडून पलीकडच्या घरी पोचलेल्या माणसाचं. आजाऱ्याला आम्ही विणलेल्या डोलीतून डोंगर उतरवतो, आणि तो डोलीतच गेला तर परतीच्या वाटेवर हेच गीत. खड्ड्याच्या काठावर हेच. या टेकडीवर असं एक घर नाही, ज्याने ते रडत म्हटलेलं नाही.

बिटवारीने त्याचीही चाल बदलली.

तालीम त्याच्या घरी होती. फळ्यावर नवी चाल पाहून मी बोललो. म्हणालो, "मास्तर, हे तरी राहू द्या. आणि पाळकांनी काय सांगितलंय? मंडळी गायली नाही तर गायनवर्ग जाईल."

"बिशप मोठ्या शाळेत शिकलेत. ही चाल ते चार आवाजांत ऐकतील, मग मंडळी गायली काय आणि झोपली काय. ते पाळकाला सांगतील हा माणूस कोण आहे ते. आधी गप्प बसा."

फेरेसी आमच्यासाठी ज्वारीची आंबील घेऊन आली होती. तिने मडकं खाली ठेवलं. फळ्याकडे पाहत राहिली. फळ्यावरचे सूर तिला काय कळणार, पण शब्द वर लिहिलेले होते.

"एनोकाला याच गाण्यावर खाली सोडलं," ती म्हणाली.

"तू आंबील वाढ."

"याची चाल नका बदलू. बाकीच्या सगळ्या घेतल्यात. ही नको."

"आंबील वाढ म्हटलं ना!"

तिने आंबील वाढली. आम्ही माना खाली घालून प्यायलो. कडू होती की माझीच जीभ, सांगता येत नाही. मग आम्ही ती चाल शिकलो. चाल चांगली होती, हेच वाईट.

बिशपच्या दिवशी टेकडी माणसांनी भरली. दृढीकरणाची पोरं, म्हणजे बिशपच्या हाताने मंडळीत पक्की होणारी, पांढऱ्या कपड्यांत सगळ्यात पुढे बसली, त्यांत जुलैनाची थोरली केझियाही. कारभारी टिंडीने जुलैनाला दारातच गाठलं.

"केझियाच्या आई, पाळकांचा निरोप आहे. आज भांडण नको. आज तू ओठ शिवून बस."

"माझ्या पोरीचा दिवस आहे, टिंडीभाऊ. मी कशाला तोंड उघडू?"

ती शेवटच्या बाकावर बसली. दाराच्या दोन्ही बाजूंना मातृसंघाच्या बायका बिशपच्या स्वागताला उभ्या, डोईला पांढरे रुमाल. सगळ्यात पुढे फेरेसी.

मिरवणूक मागच्या दारातून निघते. पुढे क्रूस धरणारा, त्याच्यामागे बिटवारी, मग गायनवर्ग दोघादोघांच्या जोडीने, वरचे आवाज आधी आणि आम्ही खर्जवाले शेवटी. आमच्या पाठीमागे पाळक, सगळ्यात शेवटी बिशप. बिटवारीचा जुना दंडक होता, मिरवणुकीत कुणाची मान वळता कामा नये. छत कोसळलं तरी नाही. एकदा एका पोराने माशी हाकलली, तर त्याला वर्षभर झगा मिळाला नव्हता.

काटा दातावर वाजला. बिटवारीने सूर दिला. आम्ही नव्या चालीत पहिलं कडवं उचललं.

मंडळी उठून उभी राहिली. शब्द ऐकून शेकडो तोंडं उघडली आणि चाल ऐकून मिटली. आम्ही एकटेच गात होतो. पाळकांचा श्वास मला पाठीवर जाणवत होता, तापलेला. पहिलं कडवं संपलं तेव्हा खाली दरीत कुणाचा तरी कोंबडा आरवला, तोही स्पष्ट ऐकू आला.

दुसरं कडवं आम्ही सुरू केलं आणि दारातून एक आवाज आला. फाटका, खालच्या सुरातला, थरथरणारा. जुन्या चालीत. शब्द तेच, चाल जुनी, आमच्या गाण्याला आडवी. गायनवर्गाच्या अंगावर काटा आला, इतकं ते बेसूर लागत होतं.

ती फेरेसी होती. डोळे समोरच्या भिंतीवर, हात पोटावर बांधलेले, असं दाराजवळच्यांनी नंतर सांगितलं. एक ओळ ती एकटीच गायली. थांबेल असं वाटलं. थांबली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास तुटला, आणि तो तुटला तिथेच शेवटच्या बाकावरून जुलैनाचा आवाज उठला. ओझं उचलताना दुसरी बाई खालून हात देते ना, तसा. केझियाच्या दिवशी ओठ शिवून बसलेली ती, पण एकट्या बाईला वाटेत पडू द्यायचं तिला जमलं नसावं.

बिशप तेव्हा नेमके त्या दोघींच्या मध्ये होते. त्यांना कुठलं भांडण माहीत? आपल्या आईच्या मयताला म्हटलेलं गाणं कानाशी आलं, त्यांनी तोंड उघडलं आणि ढोलासारख्या आवाजात गायला लागले. मग मागची बाकं. मग मधली. ती चाल माझ्या पाठीवर येऊन आदळली, आणि पुढचा शब्द माझ्या तोंडून जुन्या चालीत निघाला. माझ्या जोडीदाराचाही. मग आमच्या पुढची जोडी, मग तिच्या पुढची. वणवा गवताच्या पट्ट्यावरून सरकावा तसं ते आमच्या रांगेतून पुढे सरकत गेलं आणि बिटवारीच्या पाठीपर्यंत पोचलं.

त्याला ऐकू येत होतं. त्याच्या मानेची शीर मला शेवटून दिसत होती. पण मान वळली नाही. तो आपल्या नव्या चालीत गात, क्रुसामागे, एकेक पाऊल टाकत वेदीपर्यंत गेला. तिथे त्याला आपल्या जागेवर वळावंच लागलं. वळला. सगळं चर्च त्याच्या समोर तोंड उघडून उभं होतं, काही माणसं रडत होती. त्याने आमच्यावरून नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावरून. मग दारातल्या बायकोवर. आणि शेवटचं कडवंही तो नव्या चालीतच गायला. त्याचे ओठ वेगळ्या लांबीने हलत होते, एवढंच दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं.

दृढीकरण झालं. केझियाच्या डोक्यावर हात ठेवला गेला. मग आवारात ताडपत्रीखाली जेवणं. मटण, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके, बटाटे. बिशप स्वतः चालत बिटवारीपाशी आले.

"मास्तर, असं गायन कित्येक वर्षांत ऐकलं नाही! भिंती हलल्या हो!"

बिटवारीने हात दिला आणि काढून घेतला. बिशप पुढे गेल्यावर पाळक ताट हातात घेऊन जवळ आले. चेहऱ्यावर समाधान.

"मी शब्दाचा पक्का आहे, मास्तर. मंडळी गायली, गायनवर्ग तुमच्याकडेच राहील. फक्त यापुढे चाली जुन्या."

"मंडळी माझ्या अंगावर गायली."

"गायली ना? मला तेवढंच हवं होतं."

"जुलैनाला झगा देताय?"

पाळक चमकले. "तिला कसा देणार? नियम आहे. तुम्हीच तर—"

"मग जिने तुमची लाज राखली ती मागच्या बाकावर, आणि मी पुढे उभा राहून ती म्हणेल ते गाऊ?" त्याच्या आवाजात जुलैनाविषयी कणभर माया नव्हती. होती ती फक्त चीड, आणि ती सगळ्यांना सारखी वाटलेली. "तिच्या शेपटीला बांधून मला हाकणार तुम्ही. पाळकसाहेब, तुम्ही म्हणाला होतात ती शेळी शोधा आता."

त्याने बटणं सोडली, झगा डोक्यावरून काढला, आणि पाळकांच्या हातातल्या ताटावर, मटणाच्या रश्श्यावर ठेवून दिला. पाळक ताट धरून तसेच उभे. रस्सा कापडात चढत गेला, मरून रंगावर काळा.

"मास्तर!" टिंडी ओरडला. आज त्यालाही थट्टा सुचली नाही.

बिटवारी चर्चच्या मागच्या बाजूला गेला. तिथे चुलीपाशी बायका भांडी घासत होत्या. मातृसंघाच्या बायका वाढायला पुढे, आणि जुलैनासारख्या भांड्यांना मागे, हाही आमच्याकडचा न लिहिलेला नियम. पण फेरेसी त्या दिवशी मागे येऊन बसली होती, पांढरा रुमाल सोडून, राखेत हात घालून.

"घरी चल," तो म्हणाला.

"भांडी राहिलीत."

"चल म्हणतोय मी."

"तुम्ही व्हा पुढे."

बायकांनी घासणं थांबवलं नाही. मग मान पुढे काढून तो पायवाटेला लागला. बटाट्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून वाट खाली जाते, ज्वारीत शिरते, पुन्हा बाहेर येते आणि लाकडाच्या ओंडक्यांवरून दलदल ओलांडते. ज्वारीतून बाहेर येईपर्यंत तो आम्हाला दिसला नाही. मग लव्हाळ्यांपाशी दिसला, लहान, सदऱ्यातला, झग्याशिवाय कुणीतरी परका वाटावा असा.

मंडळी जेवत होती. बिशप काहीतरी सांगून हसत होते. फेरेसी उठून कडेला आली आणि कपाळावर हात धरून त्याच्याकडे पाहत राहिली. काळं पातेलं हातात तसंच घेऊन जुलैना तिच्या शेजारी उभी राहिली. दोघींपैकी कुणीही हाक मारली नाही.